दुसऱ्यांदा विचारायचं राहिलं

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात न्यू जर्सीतल्या आयसेलिन स्टेशनच्या पार्किंग लॉटला वास येतो. एरवी तिथे तापलेल्या डांबराचा आणि कुणाच्या तरी सांडलेल्या कॉफीचा वास असतो. पण कुंपणालगत एका ओळीत आठ झाडं आहेत, ती या दिवसांत फुलतात. फुलं इतकी फिकट की मुद्दाम पाहिल्याशिवाय दिसत नाहीत. पानांखाली पिवळट झुपके लोंबत असतात, आणि मधमाश्यांची गुणगुण कानावर आली की मग माणूस वर बघतो. वास मधाचा, त्यात थोडा ओल्या गवताचा. सकाळची ट्रेन पकडायला निघालेली माणसं त्या वासातून तशीच आरपार निघून जातात. मीही जाते. माझी ट्रेन सात चोविसाची. सात सोळाला कार लावायची, सात एकोणीसला जिना चढायचा. यात वास घेण्यासाठी वेळ धरलेला नाही.

तरी दर वर्षी एक दिवस असा येतो की मी कारचं दार उघडते, पाय बाहेर टाकण्याआधी तो वास आत येतो आणि मी तशीच बसून राहते. यंदा तो दिवस मंगळवारी आला. सात चोविसाची गेली. सात एकेचाळीसचीही गेली.

झाडाचं नाव लिंडन. अमेरिकेत येऊन सहा वर्षं झाली होती तरी मला ते ठाऊक नव्हतं. ते कळलं इटलीत, २००२ च्या जूनमध्ये, एका म्हाताऱ्या बाईच्या अंगणात. तो प्रवास मी आखला होता. अगदी तासातासाचा.

मला याद्या करायची सवय आहे. किराण्याची, औषधांची, कुणाला कधी फोन करायचा याची. लोक हसतात, पण विमानतळावर पासपोर्ट घरी राहिला म्हणून रडणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ती याद्या न करणारी होती. युरोपच्या त्या सहलीसाठी माझी यादी चार पानांची होती. तिघींचे पासपोर्ट, व्हिसाची कागदपत्रं, रेल्वेचे पास, कुठल्या रात्री कुठलं हॉस्टेल, कुठल्या गावात रविवारी दुकानं बंद. शिवाय ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानातून आणलेले थेपले नि खाकरे, घरचं मेतकूट, दाण्याची चटणी, आणि एक छोटा राइस कुकर. पाठीवरच्या सॅकमध्ये राइस कुकर घेऊन युरोपभर फिरलेल्या बायका फार नसतील. पॅरिसच्या हॉस्टेलमध्ये आम्ही तो लावला आणि अख्ख्या मजल्याचे दिवे गेले. त्यानंतर तो सतरा दिवस नुसता पाठीवर होता.

एडिसनला तेव्हा आम्ही तिघी एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. मी पुण्याची, चौतिशीची, लग्न न झालेली. रेणू मुंबईची, सगळ्यांत लहान, बोलकी. आणि वैजू, म्हणजे वैजयंती, नागपूरची. वैजू एकोणतीस वर्षांची होती आणि मला ताई म्हणायची. रेणूही म्हणायची, पण ती चिडवायला. वैजू मनापासून म्हणायची.

तो काळ बरा नव्हता. दर आठवड्याला ओळखीच्या कुणाचा तरी प्रोजेक्ट संपत होता, कुणी सामान विकून परत चाललं होतं. वैजूचंही न्यू जर्सीतलं काम उन्हाळ्याअखेर संपणार होतं. कंपनीनं तिला दक्षिणेत जॉर्जिया राज्यात, अल्फारेटाला जायला सांगितलं होतं. जाणार की नाही, ते एक जुलैपर्यंत कळवायचं होतं. तिकडे नागपूरला तिची आई एकटी होती आणि दर रविवारी फोनवर म्हणायची, पुरे झालं आता, ये. वैजूचं काही ठरत नव्हतं.

“युरोपात ठरवते,” ती म्हणाली. “तिथं डोकं जरा मोकळं राहील.”

तिनं परत जाऊ नये असं मला वाटत होतं. खूप वाटत होतं. अल्फारेटा विमानानं दोन तासांवर. नागपूर म्हणजे दुसरं जग. पण मी बोलले नाही. दुसऱ्याच्या निर्णयात पडायचं नाही, हा माझा नियम होता.

तो नियम मला एका अ‍ॅपल पायनं शिकवला. अमेरिकेतला माझा दुसराच आठवडा. मॅनेजरनं टीमला घरी जेवायला बोलावलं होतं. त्याच्या बायकोनं सफरचंदाचा गरम पाय आणला, दालचिनीचा वास घरभर. तिनं मला विचारलं, देऊ का? मी म्हणाले, नो थँक यू. असं म्हणताना बशी मी थोडी पुढेच सरकवली होती. ती हसली आणि पाय घेऊन पुढच्या माणसाकडे गेली. परत आली नाही. मी रिकाम्या बशीसमोर अर्धा तास बसले आणि घरी येऊन कोरडा ब्रेड खाल्ला. त्याच रात्री डायरीत लिहिलं: इथे एकदाच विचारतात. एकदाच उत्तर द्यायचं. खरं द्यायचं.

मला ते पुढे आवडायलाही लागलं. किती वेळ वाचतो. नाही म्हणजे नाही, हो म्हणजे हो. आपल्याकडे एक कप चहासाठी केवढी ओढाताण. नको हो, अर्धाच द्या हो, आत्ताच घेतला हो. वैजू राहायला आली तेव्हा तिच्यात ते सगळं अजून ताजं होतं. संध्याकाळी मी विचारायची, “चहा घेणार?”

“नको, ताई.”

मी एकच कप टाकायची. मग वैजू स्वयंपाकघरात येऊन घासलेलं भांडं पुन्हा घासत उभी राहायची.

“यार अनघाताई, तिला परत विचार ना,” रेणू सोफ्यावरून ओरडायची. “त्यांच्यात तीनदा विचारतात.”

“इथे एकदाच विचारतात. शिकेल.”

“आणि शिकेपर्यंत काय, सुकू दे तिला?”

वैजू हसायची. पण शिकली. तीनेक महिन्यांत ती पहिल्या फटक्यात हो म्हणू लागली. “हो, घेते. साखर कमी.” मला वाटलं, मी तिला एक मोठी गोष्ट दिली. मी तेव्हा स्वतःवर खूष होते.

युरोप म्हणजे अमेरिकाच, फक्त जुनी, अशी आमची समजूत होती. गोरी माणसं, इंग्रजी न बोलणारी, एवढाच फरक. पहिल्या तीन दिवसांत ती समजूत मोडली. पॅरिसच्या हॉस्टेलमध्ये आमच्या खोलीत आठ पलंग होते आणि त्यांतल्या तीन पलंगांवर पुरुष. बुकिंग मी केलं होतं. ‘मिक्स्ड’ हा शब्द मी वाचला होता, पण तो देशांबद्दल असेल असं वाटलं. सकाळी एकजण टॉवेल गुंडाळून आला, आम्हाला अदबीनं बोंजूर म्हणाला आणि शांतपणे केस पुसू लागला. वैजू रात्रभर सलवार-कमीज घालून, ओढणी डोक्यावरून घेऊन, सॅकला मिठी मारून झोपली होती. रेणू म्हणाली, “अगं, तुझ्याकडे बघून तोच बिचारा घाबरला असेल.”

पण वैजूला धक्का बसला तो टॉवेलचा नाही. तो बसला ट्रेनमध्ये. म्युनिककडे जाणाऱ्या गाडीत आमच्यासमोर एक बाई तिच्या दोन मुलींना घेऊन बसली होती. दुपारी तिनं डबा उघडला. काळा पाव, चीज, काकडीच्या चकत्या. तिघी जेवल्या, डबा मिटला, खिडकीबाहेर बघू लागल्या.

“एकदाही विचारलं नाही गं,” वैजू माझ्या कानाशी म्हणाली. “आपण घेतलं नसतं. पण निदान घेता का म्हणून तरी.”

मग तिनं आपला डबा काढला आणि त्या बाईपुढे थेपला धरला. बाई हसून नको म्हणाली. वैजूनं पुन्हा धरला, होममेड म्हणाली, तो तसा नसला तरी. बाईनं मान हलवली. तिसऱ्यांदा धरल्यावर त्या बाईनं आपली पर्स जवळ ओढली.

“वैजू, पुरे,” मी म्हणाले. “तिनं नाही सांगितलं ना? नाही म्हणजे नाही.”

वैजूनं थेपला परत डब्यात ठेवला. डब्याचं झाकण लावायला तिला बराच वेळ लागला. मला तो वेळ आठवतो, कारण मी तेव्हा घड्याळात पुढच्या गाडीची वेळ बघत होते.

इटलीतलं ते गाव माझ्या यादीत फक्त झोपण्यापुरतं होतं. एक रात्र, पुढे सकाळी व्हेनिस. टेकडीवरचं छोटं गाव, स्टेशनपासून चढ. स्टेशनवरच्या बाईनं एका घरी खोली मिळेल असं सांगितलं होतं. त्या चढावर वैजूच्या टाचेचा फोड फुटला. बूट नवे होते. तिघींचे बूट मीच घेतले होते, एकाच दुकानातून, सेलमध्ये, आणि निघायच्या आधी पंधरा दिवस वापरून घ्या असं यादीत लिहिलंही होतं. वैजूनं वापरले नव्हते. मी तिला तसं म्हणालेही, चढावरच.

घर सिन्योरा पियाचं. सत्तरीची, बुटकी, काळा झगा, हाताला पिठाचा वास. अंगणात एक मोठं झाड होतं आणि त्याच्याखाली चादर पसरून ती फुलं वाळवत होती. वास अंगणभर, घरभर. तिनं झाडाकडे बोट दाखवून ‘तिल्यो’ म्हटलं आणि कप तोंडाला लावल्याची खूण केली. रेणूनं गाइडबुकच्या मागचा शब्दकोश काढला आणि सांगितलं, लिंडन. याचा चहा करतात.

संध्याकाळी तिनं आम्हाला जेवायला बोलावलं. मी नम्रपणे नको म्हणाले. आमच्याकडे खाकरे होते, त्या दिवशीच्या जेवणात तेच लिहिलं होतं. सिन्योरानं माझं मनगट धरलं आणि मला टेबलाशी नेऊन बसवलं. आम्ही मांस खात नाही हे हातवाऱ्यांनी सांगायला दहा मिनिटं गेली. मग पास्ता आला, टोमॅटोचा, तुळशीच्या बहिणीसारख्या पानांचा. मग वांगी. मग पाव, मग पुन्हा पास्ता. वैजूनं ताटलीवर हात आडवा धरला. नागपूरच्या पंगतीत धरतात तसा, बोटं थोडी फाकलेली. सिन्योरानं तो हात दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवला आणि डाव भरून वाढलं. वैजूनं पुन्हा हात धरला. सिन्योरानं पुन्हा उचलला. तिसऱ्यांदा वैजूला हसू फुटलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले.

“ही तर आमची मोठी काकू आहे बापा,” ती म्हणाली. “ताई, पाह्यलं का? इथंही वाढतात.”

मी पाहिलं. मला आश्चर्यही वाटलं. सगळं फॉरेन एकसारखं नसतं, असं मी डायरीत लिहिलं आणि उद्याच्या गाडीची वेळ तपासली.

सकाळी सिन्योरानं लिंडनचा चहा दिला. फिकट सोनेरी, बिनदुधाचा, बिनसाखरेचा. वैजू खिडकीशी पाय वर घेऊन बसली होती. टाचेला पट्टी. मी सॅक बांधत होते. ती म्हणाली, “ताई, तुम्ही दोघी व्हा पुढं. मी राहते इथंच. पाय काही चालायचा नाही. परतीच्या विमानाला व्हिएन्नाला भेटते मी.”

“नक्की?”

“हो.”

“बघ हं. सहा दिवस आहेत.”

“हो ना. मी आराम करीन. विचार पण करायचा आहे.”

“ठीक आहे,” मी म्हणाले.

एवढंच. मी तिला तिचं तिकीट वेगळं काढून दिलं, गाड्यांच्या वेळा एका कागदावर लिहून दिल्या, व्हिएन्नाच्या विमानतळावर कुठे भेटायचं ते लिहिलं. कागद छान झाला होता, सगळं त्यात होतं. दाराशी रेणूनं माझी बाही ओढली.

“यार, एकदा अजून विचार ना तिला.”

“ती काय लहान आहे? तिनं ठरवलंय. रिस्पेक्ट करायला नको?”

आम्ही निघालो. वैजू दारापर्यंत आली. मी सवयीनं खोलीवर शेवटची नजर टाकली, काही राहिलं का ते बघायला. मी नेहमी बघते. पलंगाखाली, खिडकीत, दारामागे. दारामागे वैजूची सॅक उभी होती. पूर्ण भरलेली, पट्टे आवळलेले, पाण्याची बाटली कप्प्यात खोचलेली. तिच्यावर तिचं जाकीट घडी घालून ठेवलेलं. शेजारी बूट, नाड्या सैल करून, पाय सरकन आत जावेत असे.

मी ते पाहिलं. सॅक नीट बांधली आहे, हेच माझ्या मनात आलं. बरं झालं, शिकली, असं वाटलं. आणि मी जिना उतरले.

सहा दिवस राहणारं माणूस सकाळी सातला सॅक बांधून ठेवत नाही. हे कळायला हुशारी लागत नाही. एक मिनिट थांबावं लागतं, आणि माझ्याकडे एक मिनिट नव्हतं.

व्हेनिसमध्ये पाऊस होता. रेणूनं फोटोचे दोन रोल संपवले, त्यांतल्या बहुतेक फोटोंत मी छत्री घेऊन नकाशा बघते आहे. व्हिएन्नात आम्ही सगळं पाहिलं. काय पाहिलं ते यादीत आहे, म्हणून सांगू शकते. मनात त्यातलं काही नाही. दोन वेळा आम्ही चुकून तीन कॉफ्या मागवल्या.

विमानतळावर वैजू आमच्या आधी येऊन बसली होती. दोन गाड्या बदलून, एकटी, न चुकता. मी म्हणाले, “बघ, जमलं की नाही?” ती म्हणाली, “हो, तुझा कागद होता ना.” तिच्या हातात तपकिरी कागदाची पिशवी होती, वाळलेल्या फुलांनी भरलेली. विमानात माझी नि रेणूची जागा शेजारी होती आणि वैजूची तीन रांगा पुढे. बुकिंगच्या वेळी तसंच मिळालं होतं. कुणाशी जागा बदलून मागायचं मला सुचलं नाही. तिच्या डोक्याचा मागचा भाग तेवढा दिसत होता, नऊ तास.

जूनच्या शेवटच्या रविवारी ती भाजी चिरत असताना म्हणाली, “ताई, मी परतच जाते म्हणते.”

माझ्या हातातली वाटी मी खाली ठेवली. मला म्हणायचं होतं, नको जाऊस. अल्फारेटाला जा, वर्षभर बघ, मी दर महिन्याला येईन. आईला इथे आणू. हे सगळं मनात तयार होतं, क्रमवार.

“तुला नक्की तसं वाटतं?” मी विचारलं.

ती थांबली. सुरी हातात तशीच. भोपळी मिरचीच्या बिया पाटावर सांडलेल्या. मग म्हणाली, “हो.”

“ठीक आहे. मग आपण यादी करू.”

मी तिची परतीची यादी केली. बँकेचं काय, कार कुणाला द्यायची, कुठली कागदपत्रं हातातल्या बॅगेत, काय टाकायचं, काय वाटायचं. अशी यादी मी त्याआधी आणि त्यानंतर कुणासाठी केली नाही. ऑगस्टच्या एका सकाळी मी तिला नेवार्क विमानतळावर सोडलं. ती पाया पडायला वाकली तेव्हा मी म्हणाले, “काहीतरीच काय,” आणि तिला वर उठवलं. त्या तपकिरी पिशवीतली निम्मी फुलं ती आमच्यासाठी बरणीत ठेवून गेली होती. आम्ही कधी चहा केला नाही. घर बदलताना मी बरणी रिकामी करून धुऊन घेतली. झाकण चांगलं होतं.

मग वर्षं गेली, ती जातात तशी. रेणूचं लग्न झालं आणि गंमत म्हणजे तीच अल्फारेटाला गेली. मी एडिसनमध्ये स्वतःचं घर घेतलं, दोन खोल्यांचं. वैजू नागपूरला एका इंजिनियरिंग कॉलेजमध्ये शिकवू लागली. तिची आई तीन वर्षांपूर्वी गेली. दिवाळी, संक्रांत, वाढदिवस, असे आमचे फोन होतात. मी लक्षात ठेवते. यादीत असतात.

मागच्या महिन्यात रेणू मुलांना घेऊन चार दिवस माझ्याकडे आली होती. मुलं इंग्रजीत भांडत होती, आम्ही दोघी ओक ट्री रोडवरून आणलेल्या कचोऱ्या गरम करत होतो. मी तिच्या मुलाला विचारलं, “कचोरी हवी?” तो “नो” म्हणाला. मी प्लेट उचलली.

“अजून तशीच आहेस तू,” रेणू हसून म्हणाली. मग हसू थांबवून म्हणाली, “तुला माहितीय ना, वैजू त्या दिवशी आपल्यामागे आली होती?”

“कुठे?”

“त्या गावात. आपण उतारावरून गेल्यावर तिनं बूट घातले आणि निघाली. वळणापर्यंत आली. तिला वाटत होतं तू वळून बघशील. मग ती हात करेल, मग तू ओरडशील की चल नाटकं पुरे, आणि ती येईल. इतकं साधं.” रेणूनं कचोरी उलटली. “तू वळलीच नाहीस. तू घड्याळ बघत होतीस.”

“तुला कधी सांगितलं तिनं?”

“जायच्या आदल्या दिवशी. तुला सांगू नको म्हणाली.”

“मग आत्ता का सांगतेस?”

“यार, सहा वर्षं झाली. आता काय फरक पडतो?”

मी गॅस बंद केला. एवढ्यात तिचा मुलगा आला आणि प्लेटमधली कचोरी उचलून घेऊन गेला. त्याला ती हवीच होती.

मंगळवारी मी पार्किंग लॉटमध्ये बसले होते ते हे सगळं घेऊन. सिन्योराच्या घरापासून त्या वळणापर्यंत किती अंतर असेल, याचा अंदाज बांधत. दोनशे पावलं असतील. फुटलेल्या टाचेनं, नव्या बुटांत, दोनशे पावलं खाली आणि मग दोनशे वर, एकटीनं. त्यानंतर सहा दिवस त्या झाडाखाली बसून तिनं ठरवलं. एकदा ‘चल’ म्हटलं असतं तर ती गाडीत माझ्याशेजारी बसली असती, व्हेनिसच्या पावसात माझ्या छत्रीत आली असती, आणि कुठेतरी, कुठल्या तरी पुलावर, मी तिला म्हणाले असते की जाऊ नकोस. किंवा नसतेही म्हणाले. माझा मला भरवसा नाही. आणि नागपूरला ती दुःखी आहे असंही नाही. विद्यार्थी घरी येतात, ती त्यांना जेवल्याशिवाय सोडत नाही, हे ती स्वतः सांगते. मला एवढंच म्हणायचंय की तो निर्णय तिचा होता असं मी इतकी वर्षं समजत होते, आणि त्यात माझीही दोनशे पावलं होती.

काल रविवार. सकाळी नऊला, म्हणजे तिकडे संध्याकाळी, मी कॉलिंग कार्डाचे आकडे दाबले. वाढदिवस नव्हता, सण नव्हता. वैजू दचकली.

“ताई? सगळं ठीक ना?”

“ठीक. सहज केला.”

“सहज? तू?” ती हसली. मागे कुकरची शिट्टी झाली. “थांब, गॅस बारीक करून येते.”

मग आम्ही बोललो. तिच्या कॉलेजबद्दल, रेणूच्या मुलांबद्दल, इकडच्या उन्हाबद्दल. त्या वळणाबद्दल बोलायचं मी चिठ्ठीवर लिहून ठेवलं होतं, पहिल्या क्रमांकावर. बोलले नाही. मी तिला सांगितलं की इथे लिंडन फुललाय. ती म्हणाली, “हो का? आपण गेलो तेव्हा असाच होता, नाही?”

“असाच.”

“या डिसेंबरात येऊन राहिली का तू भारतात?”

“येतेय. तीन आठवडे. पुणं, मग मुंबई.”

“मग नागपूरला ये ना चार दिवस.”

सहा वर्षांत मी नागपूरला गेले नव्हते. जायचं होतं. काल तर फार जायचं होतं. फोन त्यासाठीच केला होता म्हटलं तरी चालेल. आणि मी काय म्हणाले? कुठून आलं ते मला माहीत नाही, पुण्याच्या कुठल्या जुन्या माजघरातून आलं. मी म्हणाले, “नको गं. तुझं कॉलेज असेल, उगाच धावपळ होईल तुझी.”

आणि मी थांबले. रिसीव्हर कानाला घट्ट लावून. मला वाटलं, आता ती म्हणेल, काहून बापा, कसली धावपळ, गुपचूप ये. नागपूरची आहे ती. त्यांच्यात तीनदा विचारतात. मी हात आडवा धरला होता, बोटं फाकवून.

पलीकडे कुकरची दुसरी शिट्टी झाली.

“बरं,” वैजू म्हणाली. शांतपणे, समजुतीनं, अजिबात न रागावता. “जसं तुला जमेल तसं.”